तीन पाकिटं आणि सत्तावीस ओळी

गुरुशांत कलशेट्टी पासवर्ड टाकायला बसले की आधी टॉवेल मागायचे. चौकड्यांचा मोठा टॉवेल. तो कीबोर्डवर आणि दोन्ही हातांवर पसरायचा, मग त्याखाली बोटं चालवायची, आणि वर मला म्हणायचं, "शिवानी, जरा भिंतीकडं बघ की." पहिल्या दिवशी मला हसू आलं. दुसऱ्या दिवशी संताप आला. पुण्यात चार वर्षं सर्व्हर सांभाळून आलेली मी, आणि हा माणूस मला वर्गातल्या पोरीसारखी भिंतीकडे तोंड करून उभी करतो! महिन्याभराने सवय झाली. भिंतीवर ट्रस्टचं कॅलेंडर होतं, त्यातल्या वर्षभराच्या सुट्ट्या मला पाठ झाल्या.

आमची रक्तपेढी एका धर्मादाय ट्रस्टची. मुख्य इमारत भवानी पेठेत, आणि अक्कलकोट, होटगी धरून नऊ ठिकाणी छोटी केंद्रं. प्रत्येक केंद्रातल्या फ्रिजला एक पांढरा डबा लावलेला आहे. दर दहा मिनिटांनी तो आतलं तापमान आमच्या सर्व्हरला कळवतो. तापमान चढलं की सर्व्हर आमचे फोन वाजवतो, म्हणजे पिशव्यांमधलं रक्त खराब व्हायच्या आत कुणीतरी धावतं. गुरुशांत सरांनी हे सगळं आठ वर्षांपूर्वी एकट्याने उभं केलं. त्यांच्या हुशारीबद्दल मी कधी वाद घालणार नाही.

डबेही सरांच्याच स्वभावाचे. समोरचा सर्व्हर खरंच आपला आहे का, याची खात्री पटल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. सर्व्हरने आधी आपलं प्रमाणपत्र दाखवायचं, मग त्या प्रमाणपत्राच्या जोडीची गुप्त किल्ली आपल्यापाशी आहे हे सिद्ध करायचं. प्रमाणपत्र कुणीही बघावं, त्यात लपवण्यासारखं काही नसतं. किल्ली मात्र दुसऱ्याच्या हाती लागली की तो आमच्या सर्व्हरचं सोंग घेऊन बसू शकतो. ही किल्ली म्हणजे सत्तावीस ओळींचा मजकूर, इंग्रजी अक्षरं आणि आकडे, ज्यांचा वाचून काही अर्थ लागत नाही. डब्यांच्या कंपनीने दहा वर्षांचं प्रमाणपत्र दिलं आणि पुढे कंपनीच बंद पडली. त्यामुळे डब्यांना दुसरं कुठलंही प्रमाणपत्र चालत नाही.

किल्ली सर्व्हरमध्ये घालताना एक प्रश्न विचारला जातो, ही पुन्हा बाहेर काढता यावी का? सरांनी 'नाही' निवडलं. मूळ फाइल पुसून टाकली. पुसण्याआधी ती कागदावर छापली, कागदाच्या नऊ-नऊ ओळींच्या तीन पट्ट्या कापल्या, तीन पाकिटांत घातल्या, लाख ओतून पाकिटं बंद केली आणि ओल्या लाखेवर स्वतःचा अंगठा उठवला. मग ती तिघांना वाटली.

युक्ती त्यांच्या गल्लीतल्या मठाची. तिथं देवाचा चांदीचा मुखवटा एका पेटीत असतो, पेटीला तीन कुलपं, किल्ल्या तीन घरांत. तिघं आल्याशिवाय पेटी उघडत नाही. एक किल्ली सरांच्या वडिलांकडे असायची. सर सातवीत होते त्या वर्षी पेटी उघडली तर मुखवट्यासोबतचा चांदीचा नाग आत नव्हता. कुलपं तिन्ही शाबूत. बाकीची दोन घरं व्यापाऱ्यांची आणि सरांचे वडील दुसऱ्याच्या कारखान्यात मागावर चादरी विणणारे. कुणी तोंडाने काही म्हणालं नाही, पण सगळे बघत होते ते वडिलांकडेच. वडिलांनी किल्ली मठाच्या पायरीवर ठेवली आणि घरी आले. पुढची तीस वर्षं जगले, पण त्या पायरीला पाय लावला नाही. हे मला सरांनी एकदा चहा पिताना सांगितलं. सांगता सांगता चहा तसाच निवून गेला.

आमच्याकडच्या तीन पाकिटांचे तीन धनी असे. पहिलं काशम्माकडे. त्या आमच्या सगळ्यात जुन्या नर्स, शीर शोधण्यात त्यांचा हात धरणारं सोलापुरात कुणी नाही. दुसरं दिपककडे. तो होटगीचा, वडील धोंडिराम रेल्वेत गँगमन होते. मोटारसायकलवर नऊही केंद्रं फिरून फ्रिज आणि डबे हाच सांभाळतो. तिसरं ऑफिसातल्या सोमलिंगकडे. सोमलिंग सरांच्या गल्लीतला, सर त्याला 'तम्मा' म्हणायचे. कन्नडमध्ये तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. दिपकला ते दिपकच म्हणायचे.

यंदा मे महिन्यात जुना सर्व्हर पंधरा दिवसांत चारदा आपोआप बंद पडला. ट्रस्टने भाड्याचा नवा सर्व्हर घेतला. तो कुठल्या गावात ठेवलेला आहे हे मलाही नक्की माहीत नाही. त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसता येत नाही. ठराविक नमुन्यात विनंती पाठवायची, तो ठराविक नमुन्यात उत्तर देतो. या व्यवहाराला एपीआय म्हणतात. जुनं प्रमाणपत्र आणि त्याची किल्ली त्या वाटेनेच आत घालायची होती. सरांना हे अजिबात रुचलं नाही.

"दार दिसत न्हाई, दारवान दिसत न्हाई, आन किल्ली टाका म्हणतीय," ते म्हणाले. "पलीकडं कोण बसलंय कुणाला ठावं?"

मी त्यांना तासभर समजावलं. शेवटी तयार झाले, पण म्हणाले, किल्ली मी एकटाच टाइप करणार, तुम्ही सगळे बाहेर थांबा. ते जमण्यासारखं नव्हतं. एप्रिलमध्ये त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसरा डोळाही अधू. शुक्रवारी पाकिटं फोडून ते एकटे बसले, पण तिसऱ्या ओळीतच त्यांना लहान एल आणि एक यांतला फरक दिसेना. दोनदा डोळे पुसले, मग दार उघडून मला आत बोलावलं. चेहरा असा होता की मला वाटलं, छातीत दुखतंय की काय.

त्या सकाळी अकराला तिघं पाकिटं घेऊन आले होते. काशम्मांचं पाकीट देवघरातलं, आठ वर्षांच्या विभूतीने पांढरं झालेलं. "दर सोमवारी ह्याला पण लावत हुते की," त्या म्हणाल्या. सोमलिंगला त्याचं पाकीट घरी आधी सापडलं नव्हतं. अर्ध्या तासाने ते विम्याच्या जुन्या फाइलीत निघालं, एक कोपरा उंदराने कुरतडलेला. दिपकचं पाकीट स्टीलच्या डब्यात, डबा प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी रुमालात. पण त्यावरची लाख एका बाजूला ओघळलेली होती आणि सरांचा अंगठा ओळखू येत नव्हता.

मी ती लाख बघितली. काशम्मांनीही बघितली.

सरांनी आत बोलावल्यावर दिपक वाचत होता आणि मी टाइप करत होते. केंद्रावर तो फ्रिजचं तापमान मोठ्याने दोनदा वाचतो आणि मगच लिहितो, तशीच त्याने प्रत्येक ओळ दोनदा वाचली. मोठा क्यू, लहान एम, सात. पुन्हा मोठा क्यू, लहान एम, सात. सर शेजारच्या खुर्चीत टॉवेल मांडीवर घेऊन बसले होते. एसी चालू असून घाम पुसत होते. दीड तासाने सत्तावीस ओळी झाल्या. प्रमाणपत्र आणि किल्ली एका विनंतीत भरून मी पाठवली. दोन सेकंदांत उत्तर आलं, किल्ली या प्रमाणपत्राची नाही.

पुन्हा सगळं कागदाशी ताडून पाहिलं. एक अक्षर चुकलेलं नव्हतं. पुन्हा पाठवलं, पुन्हा तेच. म्हणजे चूक कागदातच होती. तीनपैकी एक पट्टी खोटी होती.

दुपारी ट्रस्टचे सचिव महादेवप्पा आले. ओघळलेली लाख त्यांनी नखाने खरवडली.

"हे कुणाचं?"

"माझं," दिपक म्हणाला. "आमचं घर पत्र्याचं हाय, साहेब. उन्हाळ्यात लाख मऊ पडती. मी फोडलं न्हाई."

"मागच्या महिन्यात त्या नव्या रक्तपेढीवाल्यासंगं चहा पीत हुतास का न्हाई?"

"पीत हुतो. नोकरी देतो म्हणत हुते. मी न्हाई म्हणलो."

"पगार जास्त हुता की! मग न्हाई का म्हणलास?"

दिपकने सरांकडे पाहिलं. "हितं माझ्याकडं किल्लीचं पाकीट हुतं म्हणून."

महादेवप्पा हसले. त्यांना ते उत्तर म्हणजे कबुलीच वाटली. म्हणाले, खरी पट्टी काढून तिकडं दिली असंल आणि इथं दुसरीच छापून घातली असंल. आणि खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. मी दिपककडे मोबाइल मागितला आणि त्यातले फोटो चाळले, पट्टीचा फोटो काढलाय का बघायला. त्याने लॉक उघडून दिलं. आत बायकोचे, मुलीचे आणि फ्रिजांच्या तापमानपट्ट्यांचे फोटो होते. मी शेवटपर्यंत सगळे बघितले. हे लिहितानाही मला लाज वाटते.

"सोमवारी पत्र मिळंल," महादेवप्पा म्हणाले. "तवर केंद्राच्या चाव्या हितं ठेव."

दिपकने जुडगा टेबलावर ठेवला. सर काहीच बोलले नाहीत. आठ वर्षं ज्याला रोज बघितलं, त्याच्या बाजूने एक शब्द नाही. मला वाटलं, सरांचाही संशय पक्का आहे.

सगळे बाहेर गेल्यावर ते म्हणाले, "शिवानी, दार लाव." मी सवयीने टॉवेल पुढे केला. "नगं," ते म्हणाले. "मला दिसत न्हाई. तूच कर. तेराव्या ओळीच्या जागी चौदावी घे. चौदाव्या जागी तेरावी."

मी दोन ओळींची अदलाबदल केली आणि विनंती पाठवली. उत्तर आलं, प्रमाणपत्र स्वीकारलं. मी डब्यांना नव्या सर्व्हरचा रस्ता दाखवला. दहा मिनिटांत पडद्यावर एकेक केंद्र उगवायला लागलं. अक्कलकोट, चार पूर्णांक दोन. होटगी, तीन पूर्णांक नऊ. नऊच्या नऊ आले. आनंद व्हायला हवा होता. पण तेरावी आणि चौदावी या दोन्ही ओळी दिपकच्या पट्टीतल्या होत्या, आणि त्या कशा हलल्या हे सरांना आधीच माहीत होतं.

"तुम्हीच छापताना बदलल्यात?"

त्यांनी होकाराची मान हलवली.

"सकाळपासून माहीत होतं तुम्हाला? तो चाव्या ठेवत होता तेव्हा तुम्ही इथंच बसला होतात!"

"मी एकटा टाइप करणार हुतो की गं. गुपचूप सरळ करून टाकलं असतं, कुणाला कळलं नसतं. ह्या डोळ्यानं घात केला." मग आवाज खाली आणून म्हणाले, "टाइप करताना तुझी चूक झाली म्हण. तुझं काय जातंय? त्याची नोकरी वाचंल, आन माझं पण... जूनमधी रिटायर होतोय मी."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण खोटं बोलले तर दिपक सुटतो आणि आठ वर्षं आपल्याला कुणी काय समजलं हे त्याला कधी कळत नाही. खरं बोलले तर तोही सुटतो, पण कळून सुटतो. कुठलं बरं, मला ठरवता येईना. काही न ठरवताच मी बाहेर गेले आणि म्हणाले, "झालं. दोन ओळी खालीवर झाल्या होत्या."

"बघा! टायपिंगची चूक," सोमलिंग म्हणाला. महादेवप्पांनी सुस्कारा सोडला आणि चहा मागवला.

दिपक उठला. "मॅडम, मी एकेक ओळ दोनदा वाचली हुती. तुमी दोनदा म्हणून दाखवली. खालीवर कशा हुतील?"

तो आत गेला, पट्ट्या उचलल्या आणि पडद्याशी ताडायला लागला. बोट ठेवून, एकेक ओळ, पुटपुटत. काशम्मांची पट्टी झाली. मग स्वतःची. चौथ्या ओळीवर बोट थांबलं, पाचवीवर गेलं, परत चौथीवर आलं. एवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण अर्धवट काम त्याच्या स्वभावात नाही. सोमलिंगची पट्टीही त्याने शेवटपर्यंत ताडली.

सर दारात उभे होते. "त्यानं फोडलं न्हाई," ते महादेवप्पांना म्हणाले, आणि या खेपेला आवाज खाली आणला नाही. "मीच बदलून छापलं. तिन्ही पाकिटं एकत्र आली तरी माझ्याबिगर किल्ली लागू नये म्हणून."

"वा रे डोकं!" महादेवप्पा मोठ्याने हसले. "सुटला की विषय. घे रे तुझ्या चाव्या, दिपक."

दिपकने चाव्या घेतल्या नाहीत. "ह्या दोघांच्या पट्ट्या बरोबर हायेत," तो म्हणाला. "फकस्त माझीच बदलली."

"तू नवा हुतास तवा," सर म्हणाले. "चार म्हैने झालते लागून. माणूस कळाय येळ लागतो की."

"सोमलिंग माझ्यानंतर लागला, सर."

सोमलिंग मोबाइल काढून बघायला लागला. काशम्मांनी पदर तोंडाला लावला. दुपारी त्याच्या मुलीचे वाढदिवसाचे फोटो मी संशयाने बघितले होते आणि सोमलिंगच्या उंदराने कुरतडलेल्या पाकिटाबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता.

दिपकने नोकरी सोडली नाही. सोमवारी चाव्या घेतल्या आणि नेहमीसारखा केंद्रांवर गेला. मी त्याची माफी मागितली. "असू द्या मॅडम," एवढंच म्हणाला. सरांशी तो कामापुरतं बोलायचा, पूर्वीपेक्षा अधिक अदबीने. सरांना ती अदब सोसवत नव्हती, ते दिसत होतं. ते मुद्दाम त्याच्या यायच्या वेळी पायरीशी उभे राहायचे. तो नमस्कार करून बाजूने जायचा.

तीस जूनला सरांचा निरोप झाला. शाल, नारळ, महादेवप्पांचं लांबलचक भाषण. सगळं आटोपल्यावर सरांनी पिशवीतून तीन नवी पाकिटं काढली. प्रमाणपत्र अजून दोन वर्षं तेच राहणार होतं, त्यामुळे किल्लीही तीच, फक्त कागद नव्याने छापून घेतला होता. छापताना त्यांनी मला समोर बसवलं होतं आणि टॉवेल घरीच ठेवला होता. लाख ताजी होती, अंगठा स्वच्छ उठला होता.

काशम्मांनी पाकीट कपाळाला लावून घेतलं. सोमलिंगने खिशात घातलं. दिपक मोटारसायकलला किक मारायच्या बेतात होता. सर पायऱ्या उतरून त्याच्यापर्यंत गेले, मी मागोमाग.

"घे की, तम्मा," ते म्हणाले. आठ वर्षांत पहिल्यांदा. "ह्या खेपेला बरोबर हाय."

दिपकने पाकिटाकडे पाहिलं. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, खरंच विचारल्यासारखं त्याने विचारलं, "ते मला कसं कळायचं, सर?"

"बघ की उघडून. माझ्यासमोर उघड."

"आज बघीन. पर उघडलेलं पाकीट घरात ठेवलं, आन उद्या कुटं काय बिघडलं, तर लाख कुणाची फुटलेली दिसंल?"

सरांचा हात पुढेच राहिला. दिपकने वाकून त्यांच्या पायांना हात लावला, हेल्मेट घातलं आणि होटगीच्या फ्रिजचं तापमान बघायला निघून गेला. सर पाकीट धरून तिथंच पायरीवर बसले.

"बाबांनी किल्ली अशीच पायरीवर ठेवली हुती," ते म्हणाले. "त्यांची तरी खरी हुती गं."